मुहूर्ताचं वजन

पारड्यात मी स्वतः बसलो. मला कुणी ढकललं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना शेठला दोष देणं सोपं जाईल.

दिवाळीचा पाडवा होता. शहाद्याच्या पेठेत शेठची आडत होती, तिथे मी तोलार होतो. दिवसभर वजनं टाकायची, दांडी बघायची, आकडा ओरडायचा. पाडव्याला तराजूची पूजा व्हायची. पूजेनंतरचं पहिलं वजन जड वस्तूचं करायचं, म्हणजे वर्षभर पारडं जड राहतं, असं मानत. त्यासाठी गुळाच्या ढेपी ठेवत. त्या वर्षी शेठनं ढेपींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"ढेप कसाले? हाऊ शे ना! बस रे. मुहूर्तले भारी माल पायजे."

मी लहानपणापासून जाडा. हसण्यावारी नेण्याची सवय झालेली. हसत हसतच बसलो. साखळ्या करकरल्या.

"धीरे रे, तुळई खाले येई!" एक गाडीवान ओरडला.

हमाल हसले. शेजारचे दुकानदार हसले. शेठ एकेक वजन टाकत होता आणि प्रत्येक वजनाला लोक, आणखी टाक म्हणून, "आखो! आखो!" करत होते. तीन मणाला आठ शेर कमी. शेठनं आकडा माझ्याच सुरात ओरडला. मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं. पोत्याला लावतात तसं, अंगठ्यानं दाबून.

बायको सणाचा डबा घेऊन आली होती. ती हसली नाही. डबा ओट्यावर ठेवला, पदर पुढे ओढला आणि निघून गेली. मी मात्र पारड्यात पाय हलवत अजून हसत होतो. ते हसणं मला आजही झोंबतं.

त्या दिवशी मी ठरवलं. पुढच्या पाडव्यालाही शेठ मला बसवणार, ते टळणार नाही. पण आकडा ऐकून कुणाला हसू येणार नाही, एवढा मी उतरेन.

गूळ सोडला. तूप सोडलं. तीन भाकरींची एक केली. दर सोमवारी आडतीला सुट्टी असे. त्या दिवशी पहाटे उठून पायी प्रकाशा गावाला जायचो आणि पायीच परत. मांड्या घासून सोलून निघायच्या. पंधरा दिवसांनी आडतीत कुणी नसताना मी एका पारड्यात बसलो. दुसऱ्यात आधीच वजनं रचून ठेवली होती. दांडी स्थिर झाली. आठ शेर उतरलो होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं देवापुढे साखर ठेवली. मी ती साखरही खाल्ली नाही.

आणि मग काहीच होईना.

महिना गेला, दांडी हलेना. दुसरा महिना, अर्धा शेर. होळीपर्यंत एक शेर. उन्हाळ्यात मी अर्ध्या भाकरीवर आलो. डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण तो पहिला आकडा आठवायचो. पंधरा दिवसांत आठ शेर गेले होते ना, मग पुन्हा जातील. त्या एका आकड्यावर मी सगळं वर्ष काढलं.

बायको ताट पुढे सरकवायची. "भाकरी थंडी व्हई ऱ्हायनी."

"नको."

"मरशात अशानं. मंग म्हणा, तोला मले."

घरात बोलणं कमी झालं. राग मात्र वाढला, आणि तो बाहेर काढायला मला आडत होती.

धडगावकडच्या डोंगरातून पावरा आदिवासी माल घेऊन यायचे. चारोळी, डिंक, तीळ, पावसाळ्यानंतर भुईमुगाच्या शेंगा. त्यांत एक म्हातारा होता. दोन दिवस चालून यायचा. पोतं उतरवायचा आणि तराजूसमोर उकिडवा बसायचा. बोलायचा कमी. त्या वर्षी एकदा मी आकडा ओरडल्यावर तो म्हणाला, "घर तोलनू. जादा व्हतं."

मी आधीच उपाशी. वरून ऊन. म्हणालो, "ए पावरा, वाटमा वाळनं ते. दोन दिन चालशी ते माल सुकाव नई का?"

हमाल हसले. मला बरं वाटलं. लोक हसले होते आणि ते माझ्यावर नव्हते. त्यानंतर कुणीही "घरी जास्त भरलं होतं" म्हटलं की मी तेच सांगायचो. वाटेत वाळलं. हमालांनाही ते पाठ झालं. मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणायचे.

पुन्हा पाडवा आला. माझ्या हिशेबानं मी अकरा शेर उतरलो होतो. फार नव्हतं. पण अकरा शेर. बायकोला म्हटलं, डबा घेऊन ये. ती आली. ओट्याच्या कडेला उभी राहिली.

या वेळी मी हसलो नाही. बसलो. शेठनं वजनं टाकली. तो थांबेल अशी वाट पाहत होतो. तो थांबला नाही. आणखी टाकलं. आणखी. मग दांडी स्थिर झाली.

"तीन शेर उतरना!" शेठ ओरडला. "आख्खा वरीसमा तीन शेर! हाऊ बारीक व्हई तवलोंग मन्हा नातू बुढा व्हई जाई!"

पेठ हसली. बायकोनं डबा ठेवला नाही. तशीच परत फिरली.

तीन. मग आठ कुठे गेले?

पूजा उरकली. समोर तोच म्हातारा शेंगांचं पोतं घेऊन बसला होता. वर्षाची पहिली खरेदी त्याची. शेठ म्हणाला, "चाल, वजनं बदल."

दर पाडव्याला करायचो तसं मी पूजेची वजनं उचलून कपाटात ठेवायला निघालो, रोजची बाहेर काढायला. रोजच्या वजनांच्या बुडात शिसं ओतलेलं होतं. मणामागे तीन शेर. माल घ्यायचा तो त्या वजनांनी, द्यायचा तो कपाटातल्या खऱ्या वजनांनी. कचेरीचा कारकून तपासायला आला की बाहेर कपाटातली असायची. हे मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती वजनं रोज माझ्याच हातात होती. माझ्या तळव्यांना फरक कळत होता. मी तळव्यांना कधी विचारलं नाही एवढंच.

पाडव्याला मला खऱ्या वजनांनी तोललं होतं. पंधरा दिवसांनी मी स्वतःला तोललं ते शिशाच्या वजनांनी. मणामागे तीन, जवळजवळ तीन मणांचे आठ. ते आठ शेर माझ्या अंगावरून उतरलेच नव्हते. या म्हाताऱ्याच्या पोत्यातून जसे जायचे, तसेच नुसत्या आकड्यातून उडाले होते. ज्या खोट्यावर मी वर्षभर उपाशी राहिलो, उमेद धरली, देवापुढे साखर ठेवली, ते खोटं त्याच्यासाठी केलेलं होतं. मी फक्त त्यात जाऊन बसलो होतो.

मी वजनं पुन्हा पारड्यात ठेवली. पूजेची. हळद लागलेली.

"काय करी ऱ्हायना तू?" शेठ.

"ज्या वजनवर मले तोलं, त्याच वजनवर याले तोलसू."

"येडा व्हयना का? उपास करी करी डोकं फिरनं तुन्हं."

मी पोतं चढवलं. आकडा ओरडला. म्हाताऱ्यानं मान वर केली. पेठेत कुणी हसलं नाही. शेठ जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज सण शे. सकाय येऊ नको."

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. पण त्या दिवशी म्हाताऱ्याला एक शब्दही बोललो नाही. तोलून दिलं म्हणजे सगळं फिटलं, असं मनाला सांगितलं. तेही एक खोटं वजनच.

पुढे काही सुधारलं नाही. दुसरं काम मिळालं नाही. तोलारानं पेठेतल्या पेठेत फितुरी केली म्हणून कुणी उभं करेना. भावाच्या शेतात राबतो. बायको बोलते, पण पहिल्यासारखी नाही. अंग जवळपास तेवढंच आहे. वर्षाला एखादा शेर जात असेल किंवा नसेल. मी पुन्हा तराजूत बसलो नाही आणि बसणार नाही. आजही सोमवारी चालतो. उतरेन म्हणून नाही.

म्हाताऱ्याच्या घरी जायला मला डोंगर चढायचा होता. पहिल्यांदा पायथ्यावरून परत आलो. दम लागला, छातीत कळ आली. दुसऱ्यांदा पहिल्या घाटात बसलो आणि रडलो. दोन वर्षं अशीच गेली. तिसऱ्या हिवाळ्यात पोचलो. रस्त्यात तीनदा झोपलो, लहान मुलं मला बघून हसली, त्यांना हसू दिलं.

म्हातारा अंगणात शेंगा निवडत होता. मला ओळखलं. पाणी दिलं. मग आपल्या तुटक बाजारी बोलीत तो म्हणाला, "नवा तोलार बी तेच सांगे. वाटमा वाळनं."

म्हणजे वजनं तीच होती. आणि वाक्यही तेच. ते वाक्य मी सोडून आलो होतो, पण ते आडतीत राहिलं होतं आणि माझ्याशिवाय कामाला लागलं होतं. मी खऱ्या वजनांनी तोललेल्या एका पोत्यानं काहीही बदललं नव्हतं. खाली उतरून हे आता पेठेत, भर बाजाराच्या दिवशी, त्याच तराजूसमोर उभं राहून मोठ्यानं सांगावं लागणार होतं. आकडा ओरडायचो त्याच आवाजात. एकदा नाही, दर बाजाराला. लोक हसतील. हसोत.

पण आधी इथे. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो, तो तराजूसमोर बसायचा तसा. गुडघे बसू देत नव्हते, तरी बसलो.

"बाबा, वाटमा काहीच वाळे नई. ते मन्हंच बोलनं शे, मीच पहिलांदा बोलनू. मीच तुन्हं माप मारी ऱ्हायंतू. मी माफी मांगाले येल शे."