काळ्या वाळूवरची घसरगाडी

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. ऑकलंडमध्ये अवोन्डेलला आम्ही भाड्याच्या घरात राहायचो, मी पेनरोजच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, आणि आईबाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा निवृत्त शिक्षक. सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेलेली. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरत असायचे.

मासेमारीचा नाद मला शेजारच्या माओरी आजोबांनी लावला होता. शनिवारी सकाळी ते कुंपणापलीकडून "किया ओरा!" म्हणून हाक मारायचे, की आम्ही निघालोच. जायचं पश्चिम किनाऱ्यावर. तिथली वाळू काळी, आणि पार्किंगपासून पाण्यापर्यंतचा पट्टा इतका भुसभुशीत की पाय घोट्यापर्यंत आत जायचा. त्यातून गळाच्या लांब काठ्या, बादली, खुर्च्या, थर्मास आणि चिली बिन, म्हणजे बर्फ भरलेली थंड पेटी, हातात घेऊन चालायचं. बाबाही हौसेने एक बाजू धरायचे आणि पाण्यापाशी पोचेस्तोवर त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा.

आई बरोबर यायची, पण गाडीतून उतरायची नाही. "तुम्ही जा. मी इथूनच बघते," म्हणायची. पार्किंगमधून दिसायचा तो वाळूचा उंचवटा आणि त्यावरचं गवत. समुद्र नुसता ऐकू यायचा. घरी आणलेले मासे मात्र तीच साफ करायची आणि झणझणीत रस्सा करायची.

एकदा गळ घ्यायला बाबांना घेऊन दुकानात गेलो, तर कोपऱ्यात होडीसारखं एक लांबट, उथळ प्लास्टिकचं पात्र टेकवून ठेवलेलं. पुढचं टोक वर वळलेलं, त्याला दोरी.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

दुकानदार हसला. "चुकून आलंय. हे बर्फावरचं. थंड देशांत तळी गोठतात ना, तिथे लोक यात सामान भरून ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि मासे धरतात."

बाबा खाली वाकून त्याचा तळ चाचपत राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मी पोरांना गोठलेली तळी शिकवली. भोक पाडून मासे धरतात, हेही सांगितलं. पण त्या माणसांचं सामान तिथवर कसं जातं, हे ना कुठल्या पोराने विचारलं, ना मला सुचलं."

"घ्यायचं का ते?"

"छे! बनवू की आपण."

बाबांनी उभ्या आयुष्यात खडूपेक्षा जड अवजार धरलं नव्हतं. मी कागदावर यंत्रं काढायचो, पण घरातली फळीसुद्धा मला सरळ ठोकता येत नसे. तरी ठरलं. कारखान्यात साबणाच्या द्रावणाचा एक निळा प्लास्टिकचा पिंप भंगारात निघाला होता, तो विचारून आणला. उभा चिरून त्याचे दोन भाग केले. रविवारी अवोन्डेलच्या बाजारात बाबांना पाण्यावर घसरायच्या जुन्या लाकडी स्कीजची जोडी दिसली, टोकं वर वळलेली. भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन ते त्या काखेत मारूनच घरी आले. त्या आम्ही अर्ध्या पिंपाच्या तळाला बोल्ट लावून बसवल्या. आत प्लायवूडची फळी, कडेला काठ्या उभ्या ठेवायला पाइपचे तुकडे, पुढे जाड दोर. भोकं वाकडी पडली. एक स्की दुसरीपेक्षा थोडी पुढे आली. बाबांनी नाव ठेवलं, घसरगाडी.

आई मागच्या दारातून बघत होती. "बाप्पा! शाळेत असताना खिळा मारायला शिपाई लागायचा यांना," ती म्हणाली. पण चहा दोनदा आणून दिला.

पहिल्याच शनिवारी घसरगाडीने वाळूत नाक खुपसलं. जड चिली बिन आम्ही पुढे ठेवली होती. शेजारच्या आजोबांनी ती उचलून मागे ठेवली, दोर खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "आता बघा." गाडी सुरसुरत निघाली. ओल्या वाळूवर तर बाबा एका हाताने ओढत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच "हॅलो" करत होते.

त्या दिवशी सगळं सामान पाण्याजवळ उतरवून झालं आणि बाबा एकाएकी रिकामी गाडी घेऊन उलट चालू लागले. मला वाटलं काही विसरलं असेल. माझी सात वर्षांची मुलगी त्यांच्यामागे पळाली, म्हणून मीही गेलो. बाबा थेट आमच्या मोटारीपाशी गेले, दार उघडलं आणि आईला म्हणाले, "बस."

"मी काय सामान आहे काय?"

"फळी आहे, वर उशी टाकतो. बस तर."

"लोक काय म्हणतील हो!"

"इथे आपल्याला ओळखतं कोण?"

मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. ती म्हणाली, "कम ऑन, आजी! इट्स स्वीट अॅज!" म्हणजे एकदम मस्त. आईला त्यातलं "आजी" तेवढं कळलं असावं. ती उतरली. सुती साडी, वरून माझं जुनं जॅकेट, पायात मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला. पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरून ती डोळे मिटून बसली. एव्हाना आमच्यामागोमाग आलेली माझी बायको मागून तिचे खांदे धरून चालली.

मी आणि बाबांनी दोर ओढला. उंचवट्याच्या चढावर गाडी अडली. आजोबा धावत आले. सर्फिंगला आलेली दोन अनोळखी माणसं आपल्या फळ्या गवतावर टाकून आली आणि काहीही न विचारता मागून रेटू लागली. चढ संपला. "आता डोळे उघड," बाबा म्हणाले.

आईने समुद्र एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेली तेव्हा, रांगेत उभी असताना, लोकांच्या डोक्यांवरून. इथे तिच्यापुढे कोणीच नव्हतं. पाण्यापाशी गाडी थांबल्यावर मोजे काढून तिने पाय खाली सोडले, आणि लाट येऊन गेल्यावर "आई गं, किती गार!" म्हणून मोठ्याने हसली. तिला इतक्या मोठ्याने हसताना मी फार वर्षांनी ऐकलं.

आजोबांनी काठी तिच्या हातात दिली. बराच वेळ काही झालं नाही. मग दोरा ताणला.

"अहो, हा मासा ओढतोय की समुद्र?"

"मासा आहे! सोडू नकोस!" बाबा ओरडले. मी काठी मागून धरली, ती रीळ फिरवत राहिली, आणि काहवाई जातीचा एक चांगला हातभर मासा फडफडत वाळूवर आला.

आजोबा थोडं संकोचून मला म्हणाले, "आमच्यात पहिला मासा समुद्राला परत देतात. पण हा तुझ्या आईचा आहे. तिची इच्छा."

मी आईला सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. त्यांच्या डोळ्यांपुढे रस्सा होता. आई मात्र लगेच म्हणाली, "मग देऊ या की. आपण आलोय त्याच्या दारात." आजोबांनी गळ हळूच सोडवला, आईने मासा दोन्ही हातांत धरला, आणि पुढच्या लाटेत सोडून दिला. दिवसभरात पुन्हा काही लागलं नाही. संध्याकाळी घरी वरण-भात खाल्ला. रात्री झोपायच्या आत आजोबा त्यांच्याकडचा धुरी देऊन टिकवलेला मासा कागदात बांधून देऊन गेले.

त्यानंतर आई दर शनिवारी घसरगाडीतून पाण्यापाशी गेली. सामानाची दुसरी खेप आम्ही मागाहून करायचो. ती नागपूरला परतल्यावर आजोबांनी विचारलं, "माझ्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. गाडी नेऊ का?" मी म्हटलं, ठेवूनच घ्या. मग ती त्यांच्या नातलगांत फिरत राहिली. कधी कुणाची मावशी, कधी कुणाचे वडील. पिंप तडकला तेव्हा त्यांच्या भाच्याने तो बदलला, असं कळलं.

बाबा आता नाहीत. त्या दिवशी आईला आणायला जायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्यांच्या आलं. आईशी फोनवर बोलताना कधी बाबांचा विषय निघतो, तेव्हा ती त्यांची शाळा, त्यांचा राग, त्यांचा चहा, सगळं बोलते. आणि शेवटी म्हणते, "ओढलं बाई त्यांनी मला. त्या वयात."