बारदानावरचा ट्रक

कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरले तेव्हाच माझी पाठ कुरकुरायला लागली होती. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यात घडीचा स्टॉल: ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांचे चाप आणि पुण्यात छापून घेतलेले चार फलक. सोसायट्यांचा माल खपवून देणाऱ्या आमच्या सहकारी संघाचे साहेब या स्टॉलला 'सुटसुटीत' म्हणत. साहेबांनी तो कधी एसटीच्या टपावर चढवला नव्हता.

परंड्याची गाडी मिळाली. दोन्ही बाजूंना जमीन नुसती पडून होती, बाभळीसुद्धा हात पोचेल तिथवर ओरबाडलेल्या. जागोजागी रस्त्याच्या कडेला बायामाणसं खडी फोडत बसली होती, आणि गाडी आली तरी कुणी मान वर करत नव्हतं. दुष्काळ मी पुण्यात वर्तमानपत्रात रोज वाचत होते. बघताना मात्र डोळे लवकर थकतात, हे खरं तेच सांगते. थोड्या वेळानं मी तोंडावर पदर ओढून घेतला.

परंड्याच्या अलीकडच्या एका गावात कौसाबाई माझी वाट पाहत होत्या. दोर वळणाऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या त्या अध्यक्षा. बांधावरच्या घायपाताच्या पानांतून वाख (धागा) काढायचा, दोर वळायचे आणि बाजारात विकायचे, हा सोसायटीचा धंदा.

"जय भीम, बाई. मागल्या खेपेपरीस लई वाळलाव की तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे बघून हे मीच म्हणायला हवं होतं.

सोसायटीच्या खोलीत दाव्यांचा (जनावरं बांधायचे आखूड दोर) ढीग आढ्याला टेकला होता. गावोगावची जनावरं कवडीमोलानं विकली गेली होती, उरलेली सरकारी चारा-छावणीत उभी होती. नव्या दाव्याला गिऱ्हाईक येणार कुठून? उमरग्याच्या सहकारी प्रदर्शनात माल खपला नाही, तर सोसायटीला कुलूप लावून सगळी घरं खडीच्या कामावर जायची, असं ठरून गेलं होतं. "हात एकदा खडीला लागला की पुन्हा दोराला बसत न्हाय, बाई," कौसाबाई म्हणाल्या. त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दाव्यांची ओझी, ट्रंक, कौसाबाई आणि मी असे उमरग्याला निघालो. नळदुर्गाच्या पुढे गाडी पंक्चर झाली. उन्हात रस्त्याकडेला बसून आम्ही मिलोची (रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी) भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. भाकरी चिवट होती. कौसाबाईंनी आपल्यातली अर्धी मला दिली आणि मी नको म्हणायचं विसरले.

उमरगा हमरस्त्यावरचं गाव. एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला हैदराबाद, मधे ट्रकांची रांग. चहाच्या टपरीवर मराठी, कानडी आणि दखनी एकाच कपात ढवळलेली. प्रदर्शनाच्या मांडवात मी नळ्या जोडल्या, चाप लावले आणि मधोमध आमचा मुख्य फलक चढवला. त्यावर पांढरीशुभ्र बैलजोडी, गळ्यात घायपाताची नवी दावी आणि खाली 'आपल्या लक्ष्मीसाठी मजबूत दोर'. पुण्यात सगळ्यांनी वाखाणलेलं चित्र होतं ते.

लोक येत होते. फलकासमोर थांबत होते. एका म्हाताऱ्यानं छापील बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला, तोच हात डोळ्यांना लावला आणि खालच्या दोरांकडे न बघता तो निघून गेला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. संध्याकाळपर्यंत एकही दावं विकलं गेलं नाही.

"बाई, ह्ये चित्र उतरवा," कौसाबाई म्हणाल्या. "लोक मयतीला आल्यागत येतेत अन् जातेत."

मला राग आला, तोही साहेबांचा नाही, कौसाबाईंचा. इतक्या लांब कंबर मोडत आणलेला फलक! पण खोटं काय बोलल्या त्या? पुण्याहून नवा मागवायचा तर छापखाना आणि रेल्वेचं पार्सल होईस्तोवर मांडव उठला असता. तेव्हा इथंच, मिळेल त्यात करायचं ठरलं. चित्र काय काढायचं, ते समोरच रस्त्यावर उभं होतं. जनावरं गेली असली तरी ट्रक चालू होते, आणि ट्रकवरचा माल दोरानंच बांधतात.

धान्याच्या दुकानातून फाटकी बारदानं मिळाली. कौसाबाईंनी ती उसवून चौकटीच्या मापानं शिवली. खळीसाठी मी पीठ आणायला निघाले, तर त्या कडाडल्याच, "पीठ बारदानाला पाजायचं साल हाय व्हय ह्ये?" मग चिंचोके भाजले, कुटले, शिजवले. ती खळ आणि खडूची भुकटी बारदानाच्या जाळीत दाबून बसवली. वाळल्यावर कापड ढोलासारखं ताणलं.

रंगवायला ट्रक रंगवणारा बाबू पेंटर आला. गडी तोंडानं फटकळ, हातानं झटपट. मी म्हटलं, "समोरून येणारा ट्रक काढा, रुबाबदार."

"तोंड मला जमत न्हाय, बाई. तोंड कंपनी करती. आमी मागूनच."

आणि त्यानं मागूनच काढला: मालानं फुगलेला, आडवेतिडवे दोर आवळलेला, खाली 'फिर मिलेंगे'. सवयीनं त्यानं नंबरही टाकला. स्टॉल गिऱ्हाईकाकडे पाठ करून निघून चालल्यासारखा दिसत होता. मी कपाळावर हात मारला.

पण ड्रायव्हर लोक थांबले! चित्रातला लोड कुणी बांधला, गाठ बरोबर की चूक, यावर भांडायला लागले. त्यांतले रहीमभाई, स्वतःच्या गाडीचे मालक, खाली वाकले आणि एक दावं उचलून हसले. "अम्मा, चित्र में रस्सी इत्ती लंबी, हात में इत्तीशी?"

माझं तोंड उतरलं. फलकावर जे दाखवलं होतं, ते आमच्याकडे नव्हतंच. कौसाबाई मात्र खाली बसल्या. "मोटंचा नाडा (विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर) वळीत हुतोच की आमी. उद्या सकाळी या, भाऊ."

त्यांनी दाव्यांचे पीळ सोडवायला घेतले. मी टोक धरून बसले. पेडात पेड घालत त्या वळत गेल्या. एकेक दावं मोडताना गाठीवर त्यांचा हात थोडा थांबायचा. लाल गोंड्याचं एक त्यांनी बाजूला ठेवलं. "ह्ये ऱ्हाऊ द्या. आमच्या सर्ज्यासाठी केलं हुतं. घालायच्या आधीच बाजार दाखवावा लागला." मला रडू आलं, आणि लपवायचं त्राण नव्हतं.

सकाळी रहीमभाई आले. कर्नाटकातून आणलेला कडबा परंड्याच्या छावणीत टाकायला ते निघाले होते. सौदा साधा होता: लोड आमच्या नव्या दोरानं बांधायचा, छावणीपर्यंत तो हलला नाही तर पुढचे दोर सोसायटीचे. स्टॉल आणि फलक मागं चढवून आम्हालाही त्यांनी केबिनमध्ये बसवलं. प्रत्येक खड्ड्याला कौसाबाई खिडकीतून मागं बघत होत्या आणि माझी पाठ प्रत्येक खड्डा मोजत होती. कडबा दोरावर कुरकुरत होता.

छावणीत रहीमभाईंनी दोर सोडला आणि मुठीतून सबंध ओढून बघितला. कुठं तंतू उसवला नव्हता. "औरबी वळके रखो, अम्मा. मैं आता." जनावरांनी तोवर कडब्यात तोंड घातलं होतं.

त्या दिवशी मी कौसाबाईंच्या घरी मुक्काम केला. बैलांचा फलक त्यांनी मागून घेतला आणि रिकाम्या गव्हाणीवर टांगला, शेजारच्या खुंटीला गोंड्याचं दावं.

"तुम्हीच तर उतरवायला लावलात," मी म्हटलं.

"बाजारात बघवत नव्हतं, बाई. घरात चालतंय."

ट्रकाचा फलक आणि स्टॉल सोसायटीतच ठेवून मी मोकळ्या हातानं पुण्याला परतले. पाठ महिनाभर धरली. पुन्हा म्हणून एसटीनं ट्रंक नेणार नाही, अशी मी शपथही घेतली.

साहेबांनी पहिलं विचारलं, "आपले बैल कुठं आहेत?"

"घरी गेले," मी म्हटलं.