नव्या कॉम्प्युटरवर वहिनींची बोटं

भाऊ गेल्यापासून निर्मळ गावातलं आमचं छपाईचं दुकान वहिनी आणि मी चालवतो. मशीन मी बघायचो, टायपिंग त्या करायच्या. लग्नपत्रिका, चर्चमधल्या मिस्साच्या पत्रिका, सगळं भाऊने शिकवलेल्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर. त्या सॉफ्टवेअरची कळांची मांडणी इतरांपेक्षा वेगळीच होती. वहिनी कीबोर्डकडे बघतसुद्धा नसत. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "वहिनी नाहीत? मग उद्या येतो." मी समोर बसलेला असायचो.

जुना कॉम्प्युटर अडकायला लागला. मी नवा आणायला निघालो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझं टायपिंग तेवढं राहू द्या हं."

नालासोपाऱ्याच्या दुकानदाराने नीट विचारलं होतं. "काका, जुनं काही चालवायचंय? मग आधीच्या पिढीचा प्रोसेसर घ्या, जुनी विंडोज टाकून देतो. या नव्यावर नवीच विंडोज बसणार. जुनं सॉफ्टवेअर विसरा."

"जुनं काही नाही," मी म्हणालो. "नवाच द्या."

जुना मी परस्पर भंगारात दिला. वहिनींना सांगितलं, सॉफ्टवेअर तुमचंच आहे, फक्त रूप बदललंय.

दुसऱ्याच दिवशी अर्नाळ्याची एक कोळीण लेकाची पत्रिका करायला आली. वहिनींची बोटं सवयीच्या जागी पडत होती आणि पडद्यावर भलतीच अक्षरं उमटत होती. त्या खोडत होत्या, पुन्हा मारत होत्या. कानामागून घाम उतरला.

"वहिनी, लगीन यंदाच हाय हां!" कोळीण म्हणाली.

ती थट्टा होती. पण सगळ्यात मोठ्याने मी हसलो. "उठा वहिनी, मी करतो." आणि मी चाचपडत का होईना, पत्रिका केली.

ती गेल्यावर वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊजी, माझ्या डोक्याचं काही झालंय का हो? कळा विसरले मी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वय झालं, वहिनी. होतं असं."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला.

आता त्या पत्रिकांना घड्या घालतात. कुणी त्यांना विचारत आलं, तर मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगतात, "मला नाही जमत आता. भाऊजींना सांगा, ते छान करतात."

गिऱ्हाईक माझ्याकडे वळतं. मी त्याला बसायला सांगतो.