पपनसाची साल

माझा मेहुणा गेला तेव्हा त्याच्याबद्दल कुणी दोन शब्दही बोललं नाही. मला लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहितो.

वाइनच्या दुकानात त्याची उभी हयात गेली. नवा माल घेण्याआधी मालक त्यालाच चाखायला लावत. सगळे त्याला नाकोबा म्हणायचे. शॉयरेबे नावाच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका जर्मन पांढऱ्या द्राक्षावर त्याचा भारी जीव. त्या द्राक्षाची वाइन दिसायला आणि आंबटपणाला प्रसिद्ध रीसलिंगच्या जवळची, फरक वासात. "भाऊजी, पपनसाची साल नखानं खरवडून बघा, तोच वास!" मला दोन्ही सारख्याच वाटायच्या. मी नुसती मान डोलवायचो.

एका तापात त्याचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतले नाहीत. हे फक्त त्याच्या ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि मला ठाऊक होतं.

"मालकांना कळलं तर चाखायच्या टेबलावरून उठवतील, ताई. मग मी कोण?"

पुढे दुकानात गिऱ्हाइकांसमोर झाकलेल्या बाटल्या ओळखायचा कार्यक्रम झाला. मी कोपऱ्यात उभा होतो. त्यानं पेला फिरवला, नाक खुपसलं, डोळे मिटले. सगळं पूर्वीसारखंच. कापडाखालून बाटलीची उंच, निमुळती मान कळत होती, म्हणजे जर्मन. जिभेला आंबट लागलं असणार.

"रीसलिंग," तो म्हणाला.

मालकांनी कापड काढलं. "काय नाकोबा, चेष्टा करता होय? ही तर तुमची शॉयरेबे! पोटच्या पोरीला ओळखलं नाहीत?"

सगळे हसले. तोही हसला. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "मालक, मला वासच येत नाही."

मालक माणूस चांगला. त्याला काढलं नाही, गोदामात खोकी लावायला पाठवलं. नाकोबा म्हणायचं मात्र सगळ्यांनीच बंद केलं.

डॉक्टरांनी ओळखीचे वास रोज घ्यायला सांगितले होते. संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून बसे. बायको पपनसाची साल त्याच्या नाकाशी धरी.

"येतोय का रे?"

"नाही गं."

एकदा ती सुरी शोधत त्याच्या मागून गेली, तर तो डोळे न उघडता आपणहून म्हणाला, "आज येतोय, ताई. थोडासा, पण येतोय."

पपनस ओट्यावर तसंच पडलं होतं, न कापलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" असं त्याला म्हणून ती आवाज न करता ते कापायला लागली.