तांबड्या गाडीचे मंद दिवे

युद्ध संपल्यावर नगरला लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यांतला एक लहान ट्रक आमच्या वाचक मंडळाने घेतला. मागे उघडा हौदा, पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक जागा. बाजाराच्या गावी पत्रके न्यायची, सभा घ्यायची, असा बेत होता.

मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही मास्तर म्हणत असू. त्यांनी ड्रायव्हर म्हणून काष्टीकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा आणला. तो चार वर्षे लष्करात गाड्या दुरुस्त करीत होता. साम्राज्याच्या चाकांना ज्याने तेल घातले त्याच्या शेजारी मी कसा बसू, असे मी मास्तरांना विचारले. ते बोलणे तत्त्वाचे होते, पण पोटातले दुखणे निराळे होते. तो आल्यापासून आमच्या मंडळाच्या छापखान्यातली मंडळी माझे नवे पत्रक तसेच ठेवून त्याच्याकडून वाळवंटातल्या लढाईच्या हकिकती ऐकत बसत. मास्तर चहाचा पहिला कप त्याच्या हाती देत. मला ते दर वेळी दिसे.

ट्रक आल्याबरोबर मी एक काम अंगावर घेतले होते. त्यावरचा लष्करी हिरवा रंग मला डोळ्यांसमोर नको होता. तीन दिवस खपून मी गाडी तांबडी केली. पुढचे दिवे काढले, त्यांच्या बुडाखालीसुद्धा जाड तेलरंगाचे दोन हात दिले आणि दिवे पुन्हा बसवले. हिरवा ठिपका कुठे उरता कामा नये, ही माझी प्रतिज्ञा.

मग काष्टीच्या बाजारात माझे पहिले भाषण ठरले. परतताना अंधार होणार, म्हणून दुपारी ड्रायव्हरने पुढचे दिवे लावून पाहिले. दोन्ही विझत्या विडीसारखे मिणमिणले.

मास्तर म्हणाले, “दिवे नाहीत तर जायचं नाही. चारपर्यंत बघा.”

“बल्ब गेलेत,” मी ठामपणे सांगितले. मला त्यातले काही कळत नव्हते.

“दोन्ही एकदम? जुळी भावंडं हायती काय, लेखक?” तो म्हणाला. छापखान्यातले सगळे हसले. लेखक हे नावही त्यानेच पाडले होते.

त्याने एक बल्ब काढून दोन तारांनी थेट बॅटरीला लावला. लख्ख पेटला. बटणापासून दिव्यापर्यंतची तार त्याने बोटांनी चाचपत तपासली. कुठे तुटलेली नव्हती. मी उन्हात उभा राहून पाहत होतो. दिवे लागले नाहीत तर माझे भाषण बुडणार होते, आणि तरीही त्याला ते जमू नये असे मला मनापासून वाटत होते. त्याची घाई न करणारी बोटे मला सहन होत नव्हती. माझा हात लिहिताना कधी इतका निवांत नसे.

शेवटी त्याने तारेचा एक तुकडा दिव्याच्या पत्र्याला टेकवला आणि दुसरे टोक बॅटरीपाशी सांगाड्याच्या बोल्टला. दिवा भपकन मोठा झाला.

“वीज जातीया, पर माघारी यायला वाट न्हाई,” तो म्हणाला. “ती गाडीच्या लोखंडातनं माघारी येती.” त्याने दिवा उचलला. खाली माझा तांबडा रंग चकाकत होता; दिव्याचे लोखंड गाडीच्या लोखंडाला टेकतच नव्हते. त्याने हळूच विचारले, “खालनं बी रंगवलं व्हय तुमी?”

तेवढ्यात मास्तर बाहेर आले.

“काय निघालं रे?”

“गंज हुता, मास्तर. खरवडतो आत्ता.”

त्याने मला वाचवले होते. माझ्या अंगाची आग झाली. दिवा त्याचा, हशा त्याचा, आणि आता मोठेपणाही त्याचाच!

“गंज नाही,” मी ओरडलो. “माझा रंग आहे तो. हा खोटं बोलतोय!”

मास्तरांनी दोघांकडे पाहिले. मग मला म्हणाले, “खरं सांगितलंस, बरं केलंस. पण ते ह्याला खाली पाडायला सांगितलंस. आज तू पत्रकं वाट. बोलेल हा.”

“मी? मला कुटं येतंय बोलाया,” तो गोंधळून म्हणाला.

“युद्धात काय पाहिलंस ते सांग.”

आम्ही दोघांनी मिळून दोन्ही बुडांखालचे लोखंड उघडे केले. त्याने मला कानस दिली, कशी धरायची ते दाखवले, आणि मी ती मुद्दाम वेगळी धरली. दिवे लागले. मास्तर त्याच्या शेजारी बसले, मी हौद्यात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर.

काष्टीला तो वेशीजवळच्या कट्ट्यावर उभा राहून बोलला. अडखळत, मधेच थांबत. कुणाच्या लढाईत कुणाची पोरे मेली, एवढेच सांगत होता. बैल सोडून निघालेली माणसे कासरे हातात धरून थांबली. त्याच गोष्टीवर मी तीन पत्रके लिहिली होती, आणि असे कुणी थांबलेले मी पाहिले नव्हते. मी गर्दीतून पत्रके वाटीत फिरत होतो.

एका म्हाताऱ्याने पत्रक उलटसुलट करून पाहिले. “ह्यो बोलतोय त्यानंच लिवलंय का हे?”

“नाही! मी लिहिलंय!” मी इतक्या जोरात म्हणालो की त्याचा बैल बिचकला. चारपाच जणांनी वळून मला गप्प राहायची खूण केली आणि ते पुन्हा कट्ट्याकडे पाहू लागले.