समरकंदच्या पुढचं फाटक

आम्ही निघायच्या दोन दिवस आधी शेजारच्या गोदामाला आग लागली. भिवंडीजवळच्या आमच्या पूर्ण्यात गोदामं पेटणं नवीन नाही, पण ही आग आमच्या भिंतीला लागून होती. सकाळपर्यंत बंब पाणी मारत होते. आमचं गोदाम वाचलं. भिंत मात्र वरपासून खालपर्यंत तडकली आणि एका बाजूचे पत्रे पापडासारखे वाकले.

दुपारी हे घरी आले तेव्हा कपड्यांना जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "तू आणि आई जा. मला नाही जमणार."

"मग कुणीच नको जाऊया."

"व्हिसे झालेत, तिकिटं झालीत. पंचनामा, विमावाले, भाडेकरू, सगळ्यांना मालक समोर लागतो. तू थांबून काय करणार? आणि आई इथे राहिली तर दिवसभर त्या भिंतीखाली जाऊन उभी राहील."

मी कोन गावच्या शाळेत इतिहास शिकवते. रेशीम मार्गाचा धडा आला की फळ्यावर नकाशा काढून तुटक रेघ ओढायची, हे वर्षानुवर्षं करत आले होते. त्या रेघेवरून एकदा जाऊन यायचं, हे माझं आणि ह्यांचं जुनं बोलणं होतं. कल्याणच्या एका टूरवाल्याकडे मध्य आशियातल्या चार देशांची सहल निघाली आणि आम्ही नावं दिली. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं, सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं म्हणून त्यांचंही नाव घातलं. मला ते फारसं रुचलं नव्हतं. आता तर आम्ही दोघीच निघालो होतो. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी आम्हा दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते कळत नसे. मधे कायम कुणीतरी असायचं.

ग्रुपमध्ये भिवंडी गावातलं एक जोडपं होतं. ते कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या लूमचा धंदा. विमानतळावर ओळख झाली तेव्हा त्या गृहस्थांनी विचारलं, "पूर्ण्याच्या का तुम्ही? आमचं सूत तुमच्याकडच्याच गोदामात उतरतं." मग मी त्यांना चाचा म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला चाची. चाचांना एक नाद लागला होता. तिकडच्या बाजारात उभं राहून ते तिथले आणि आपले शब्द जुळवायचे. "हे बघा, अनार म्हणजे अनारच. अंगूर, मेवा, कागद, सगळं आपलंच!" दुकानदारही खूश व्हायचे. सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून गप्प होत्या. बसमध्ये खिडकीशी बसायच्या, कंबरेखाली उशी घ्यायच्या, आणि मी काही दाखवलं की मान हलवायच्या. त्यांची कंबर दुखते हे मला माहीत होतं. किती दुखते, ते नव्हतं.

मी सारखा फोन बघायचे. ह्यांचे निरोप तुटक असायचे. "विमावाला आला नाही." "भिंत पाडावी लागेल असं म्हणतात." उझबेकिस्तानातल्या समरकंदमध्ये निळ्या घुमटांखाली उभी राहून मी आमच्या तडकलेल्या भिंतीचा फोटो बघत होते.

समरकंदहून पुढे रस्ता ताजिकिस्तानात जातो. सरहद्द जवळच आहे, पण बस पार जात नाही. अलीकडच्या देशाचा गाइड अलीकडेच निरोप घेतो, आपण बॅगा ओढत दोन फाटकांमधली मोकळी जागा चालून जायची, पलीकडे नवीन गाइड, नवीन बस. त्या दिवशी ऊन कडक होतं. मोकळ्या जागेत सावली नव्हती. आमची टूर लीडर, चाळिशीतली चटपटीत बाई, पुढे होती. ती पुन्हापुन्हा सांगत होती, "पासपोर्ट हातात ठेवा. फोटो काढू नका. विचारतील तेवढंच उत्तर द्या."

पलीकडच्या इमारतीत दोन रांगा होत्या. माझा पासपोर्ट बघून झाला आणि मी आत सरकले. सासूबाईंना शेजारच्या टेबलापाशी बोलावलं. मी वळून पाहिलं तेव्हा एक तरुण अधिकारी त्यांच्या झोळीवजा पिशवीकडे बोट दाखवून विचारत होता, "दोरू? दोरू?"

सासूबाई ताठ झाल्या. "दारू? न्हाय! दारू न्हाय!" त्यांनी दोन्ही हात हलवले.

त्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा जोरात मान हलवली. त्याने कागदावर काहीतरी खूण केली आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. रुमाल, जपमाळ, सुकटीची पुडी आणि मिश्रीची डबी. पितळेची, झाकण घासून गुळगुळीत झालेली. त्याने डबी उघडली. आत काळी भुकटी, आणि त्या भुकटीत माखलेल्या सुट्या गोळ्या.

त्याचा चेहराच बदलला. त्याने दुसऱ्या एकाला हाक मारली. मी धावत पुढे गेले तर मला हाताने अडवलं. तोवर ग्रुपमधले बहुतेक जण बाहेर पडले होते. रांगेत आमच्या मागे फक्त चाचा आणि चाची राहिले होते.

"काय झालं गो?" सासूबाईंनी मला विचारलं. "मना दारू इचारतो मेला. मी सांगितलं न्हाय म्हणून."

आम्हाला एका छोट्या खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर पंखा. आणखी एक वयस्कर अधिकारी आला, मिशा पांढऱ्या झालेला. त्याने कागदावर भुकटी ओतली, वास घेतला, चिमटीत धरली. मी इंग्रजीत "टोबॅको, फॉर टीथ" म्हणत होते, पण माझा आवाज मलाच परका वाटत होता. सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बोट भुकटीत बुडवलं आणि दातांवरून फिरवलं. चांगलं सवयीनं, भराभर. वयस्कर अधिकारी क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "नोस!" मग त्याने खिशातून एक छोटी पुडी काढून दाखवली. त्यांच्याकडेही जिभेखाली ठेवायची तंबाखू असते, ते मला नंतर कळलं. तरुण अधिकारी हसला. मीही हसले. वाटलं, सुटलो.

पण त्याच तरुण अधिकाऱ्याने पेन्सिलीच्या टोकाने गोळ्या भुकटीतून बाजूला काढल्या आणि पुन्हा गंभीर झाला. "दोरू," तो म्हणाला. आता त्याचा आवाज चढलेला होता.

तेवढ्यात दारात चाचा उभे दिसले. शिपायाने त्यांना अडवलं होतं, पण ते तिथूनच म्हणाले, "ताई, तो दारू नाही, दवा विचारतोय. दोरू म्हणजे दवा. आपण दवादारू म्हणतो ना, तेच. तुमच्या सासूबाईंनी नाही म्हटलं म्हणून त्यांना वाटतंय, लपवून आणलंय."

दवा आहे का, असं विचारल्यावर दोनदा ठणकावून नाही म्हटलं, आणि ती डबीत काळ्या भुकटीखाली सापडली. कुणालाही काय वाटेल?

वयस्कर अधिकाऱ्याने चाचांना आत येऊ दिलं. चाचा त्यांच्या उर्दूतले शब्द एकेक करून टेबलावर ठेवल्यासारखे बोलू लागले. "दर्द. कमर. दवा." मधे हाताने कंबर दाखवायची. अधिकाऱ्याला काही शब्द कळत होते, काही नाही. त्याने कागदाची खूण केली. डॉक्टरांची चिठ्ठी.

मी ह्यांना फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला तेव्हा मागे जेसीबीचा आवाज होता, आमची भिंत पाडत होते.

"आईंच्या कंबरेच्या गोळ्यांची चिठ्ठी पाठवा. आत्ता. सगळं सोडून."

"काय झालं?"

"नंतर सांगते. चिठ्ठी पाठवा."

बाहेरून टूर लीडर आली. तिच्या मागे ग्रुपमधल्या एकाचा आवाज ऐकू आला, "एका माणसामुळे सगळ्यांनी किती वेळ उन्हात बसायचं?" ती खाली वाकून माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, बस थांबवून ठेवलीय, पण फार वेळ थांबणार नाही. तुम्हाला सोडलंय ना? तुम्ही चला. मी इथे थांबते यांच्याजवळ."

सासूबाईंना तिचं बोलणं कळलं असावं. त्यांनी माझा दंड धरला आणि अधिकाऱ्यांकडे तोंड करून, मराठीतच, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "डबी माझी हाय. हिची न्हाय. हिला काय म्हाईत न्हाय. हिला जाऊद्या." मग मला, "जा तू. बस जाईल. तुला बगायचं होतं ना तिकडं? जा."

"आई, बसा."

"जा म्हणतंय ना!"

"मी कुठेही जात नाही. बसा तुम्ही."

इतक्या चढ्या आवाजात मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. त्या बसल्या.

चिठ्ठीचा फोटो आला. अधिकाऱ्याने एका बाईला बोलावलं, पांढरा कोट घातलेली, बहुधा तिथली डॉक्टर. तिने फोनवरचं नाव मोठं करून वाचलं, गोळ्यांवरची भुकटी पुसली, पांढऱ्या गोळ्या एका बाजूला केल्या. मान हलवली, ठीक आहे. मग उरलेल्या पिवळ्या गोळ्यांकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठीत त्या नव्हत्या.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

"आई, या कसल्या?"

त्यांनी पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाल्या, "ह्या त्यांच्या."

सासऱ्यांना घशाचा कॅन्सर होता. शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांनी त्यांना वेदनेवरच्या ज्या कडक गोळ्या दिल्या होत्या, त्या डॉक्टरांच्या कागदाशिवाय कुठलाही केमिस्ट देत नाही. ते गेल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय केलं, असं ह्यांनी विचारलं होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "खाडीत टाकल्या."

"लय दुखलं की एक घेते," त्या म्हणाल्या. "रोज न्हाय. त्यांना पन ह्याच्यानंच झोप लागायची."

खोटं बोलावं का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. जीवनसत्त्वाच्या आहेत म्हणावं. पण समोर डॉक्टर बसली होती, आणि एक "नाही" आधीच आमच्या नावावर लिहिलं गेलं होतं. मी चाचांना सांगितलं, "चाचा, खरं ते सांगा. सासऱ्यांच्या आहेत. ते वारले."

चाचांनी क्षणभर विचार केला. मग सासूबाईंकडे हात करून अधिकाऱ्याला म्हणाले, "इनके शौहर. मरहूम." आणि पिवळ्या गोळ्यांकडे बोट दाखवून, "शौहर की दवा."

"मरहूम," वयस्कर अधिकारी हळूच म्हणाला. हा शब्द त्याला पूर्ण कळला होता. दुवा मागून झाल्यावर फिरवतात तसे त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. डॉक्टर बाई आणि तो आपसात बरंच बोलले. तरुण अधिकारी मधे काही म्हणाला, त्याला त्याने हाताने थांबवलं. मी पदरात चाचपडणारे सासूबाईंचे हात बघत होते. मी त्यातला एक धरला.

पिवळ्या गोळ्या एका पाकिटात भरून मोहोर लावली. त्या जप्त झाल्या. कागद लिहिला गेला, त्यावर सासूबाईंनी शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर काढत सही केली. पांढऱ्या गोळ्या परत मिळाल्या. अधिकाऱ्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि बोट वर करून, समजावणीच्या सुरात, "दोरू," म्हणाला. पुढच्या वेळी विचारलं तर हो म्हणा, असं असावं.

"डबी द्या," सासूबाई म्हणाल्या. त्याने दिली. त्यांनी ती पदराने पुसून कमरेला खोचली.

बस थांबली होती. आत शिरताना एकदोघांनी तोंडं फिरवली. चाची उठली, सासूबाईंना पुढच्या सीटवर घेतलं आणि आपली शाल घडी करून त्यांच्या कंबरेमागे ठेवली.

सरहद्दीपलीकडच्या पंजिकेंतमध्ये जुन्या व्यापारी शहराचे मातीचे अवशेष टेकडीवर आहेत. गाइड सांगत होता, इथले व्यापारी चीनपर्यंत जायचे. मी अर्ध्या चढावरून परत फिरले. सासूबाई खाली बसमध्येच होत्या, आणि पिवळी गोळी जवळ नसलेला तो पहिला दिवस होता. संध्याकाळी त्यांना धड बसवत नव्हतं, निजवतही नव्हतं. हॉटेलवालीने गरम पाण्याची पिशवी दिली. मी तेल चोळायला लागले तेव्हा त्यांनी आधी नको म्हटलं, मग गप्प पालथ्या झाल्या. कंबरेच्या हाडाला हात लागला की त्या दात आवळायच्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या पाठीला पहिल्यांदाच हात लावत होते.

"मना वाटलं तुरुंगात टाकतात," त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. "माझं काय, मी म्हातारी. पन तुझी शाळा, पोरं."

ह्यांचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेणार तेवढ्यात सासूबाईंनी माझी साडी ओढली. "पिवळ्यांचं नको सांगू त्याला. त्याला वाटेल, आईला इतकं दुखत होतं नि आपल्याला कळलंच न्हाय."

मी ह्यांना पांढऱ्या गोळ्यांचं सांगितलं. कागदाची गडबड झाली होती, मिटली. ह्यांनी भिंत पडल्याचं सांगितलं.

परत आल्यावर मी सासूबाईंना ठाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मणक्याची नस दबली होती. ऑपरेशन झालं, आता त्या काठी घेऊन नव्या भिंतीपर्यंत फेरी मारून येतात. बायकांना सांगतात, "परदेशात मना पकडलं व्हतं," आणि पुढचं सगळं चाचांच्या तोंडी घालतात. पिवळ्या गोळ्या मात्र त्या कथेत नसतात. हे लिहायला घेतलं तेव्हा मी त्यांना विचारलं, लिहू का? त्या मिश्री लावत होत्या. चूळ भरून म्हणाल्या, "लिव. पन आधी तूच जाऊन सांग त्याला. पेपरात वाचून नको कळायला." काल जेवणं झाल्यावर मी ह्यांना सांगितलं. ते उठून आईच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.