बंद स्टेशनची सहल आणि आमची लिफ्ट

आमच्या गुरुवारच्या मंडळात टाळकी चार, पण किस्से म्हणजे फ्रीझरच्या खणात कोंबलेले डबे. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! आणि हल्ली प्रत्येक डब्यात रागच निघतो, त्याला मी काय करू? शाळेत मी गेले नाही. अक्षरं लग्नानंतर ह्यांनी शिकवली, म्हणून बोलते तशीच लिहिते.

मंडळ म्हणजे मी, सगळ्यांची आक्का. रिटायर्ड इंजिनियर शरदराव. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई, ज्यांचं बोलणं ऐकूनही माणूस झोपतो. आणि माझी मैत्रीण निर्मला.

* * *

शरदरावांच्या वाढदिवसाला मुलानं तिकिटं दिली. कशाची? लंडनच्या पोटातलं एक बंद पडलेलं स्टेशन बघायची!

मी म्हटलं, "बंद स्टेशनच बघायचं तर आपलं हॅरो सोडून कशाला जायचं? आपल्या स्टेशनची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे!"

"आक्का, ते हिस्टॉरिकल आहे."

"थांबा थोडं. आपलंही होईल!"

गेलो चौघं. दारातल्या मुलीनं विचारलं, "जिने चढता-उतरता येतात ना?" निर्मलाच्या दोन्ही गुडघ्यांनी नाही म्हटलं. ती वर बाकावर आमचे कोट सांभाळत बसली. बंद स्टेशनवरही तीच बाहेर, चालू स्टेशनवरही तीच!

* * *

खाली जायच्या आधी पिवळं जॅकेट आणि हेल्मेट. ते हेल्मेट माझ्या अंबाड्यावर बसेना. छातीपर्यंत दाढी असलेला गाईड म्हणाला, "मॅडम, केस मोकळे सोडाल का?"

"सोडते. आधी तुझी दाढी काढ!"

शरदरावांनी भाषांतर करायचं टाळलं. पण दाढीवाल्याला कळलं असावं, कारण तो पूर्ण टूरभर माझ्यापासून चार हात लांब होता.

* * *

आणि खाली काय थाट! नवे दिवे, पुसलेल्या फरशा, जिन्याला चकचकीत कठडा, वळणावळणावर माणूस उभा: "माइंड युवर स्टेप, मॅडम." जिथे गाडी येत नाही तिथे एवढी माणसं! आणि आमच्या चालू स्टेशनवर हाक मारली तर कबुतर ओ देतं.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच थोडक्यात बोलल्या. "पेशंट मेल्यावर व्हिजिटिंग अवर्स वाढवलेत ह्यांनी!"

* * *

मग दाढीवाल्यानं स्टेशन कसं बंद झालं ते सांगितलं. लिफ्ट जुनी झाली. दुरुस्ती महाग. तशात माणसंही कमी यायला लागली. म्हणून टाळं!

लिफ्ट नाही म्हणून माणसं कमी, की माणसं कमी म्हणून लिफ्ट नाही, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं, "आणि त्या लिफ्टनं येणारी माणसं? त्यांचं काय झालं?"

तो हसून म्हणाला, "छान प्रश्न! त्यांच्याबद्दल माहिती उपलब्ध नाही."

सगळे हसले. शेवटी त्यानं भिंतीची एक जुनी फरशी आमच्या हातात दिली. एकानं बघायची, पुढच्याला द्यायची. देवाच्या मूर्तीसारखी सगळे ती जपून धरत होते. मला ती फेकून मारावीशी वाटली.

* * *

शरदरावांनी तिथून बंद लिफ्टचं चित्र असलेला मग आणला. त्यांच्याकडे गेले की त्यातच चहा देतात. मी आजतागायत त्याला तोंड लावलेलं नाही.

* * *

आता निर्मलाचं सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. तिचे वसंतराव अर्धांगानंतर केअर होममध्ये आहेत, ट्रेननं दोनच स्टेशनं. ते जेवतात फक्त तिच्या हातून. लिफ्ट होती तेव्हा ती रोज मुगाची खिचडी, वर तूप, असा गरम डबा घेऊन वेळेवर पोचायची. आता दोन बस. पोचते तोवर ताट उचललेलं, वसंतराव झोपलेले. रोज टॅक्सी कुठून परवडणार? मागे त्यांची अंगठी बोटातून गळून पडली. निर्मलानं तिला लोकर गुंडाळली आणि परत घातली.

शरदरावांनी लिफ्टसाठी रेल्वेवाल्यांना फोन केला. "पार्ट यायचाय." पुन्हा केला. "पार्ट अजून यायचाय." तिसऱ्यांदा बाई गोड आवाजात म्हणाली, "सध्या तुमची लिफ्ट किती लोक वापरतात, त्याचा सर्व्हे चालू आहे."

बंद लिफ्ट! किती लोक वापरतात!

* * *

मग गेल्या गुरुवारी आम्हीच टूर काढली.

मी नातवाचं सायकलचं हेल्मेट घातलं. अंबाडा आत गेला नाही, तसाच बाहेर राहिला. शरदरावांनी भर सकाळी टॉर्च पेटवला, डॉक्टरीणबाईंनी पिवळं जॅकेट चढवलं. आमच्या स्टेशनच्या लिफ्टसमोर उभी राहून मी ओरडले, "लेडीज अँड जंटलमेन!" माझं इंग्रजी तुटकं, पण राग अख्खा.

"ही जुनी लिफ्ट! पूर्वी ह्यातून म्हाताऱ्या माणसांना, बाळांच्या गाड्यांना खाली जाता येई! हात लावू नका, हिस्टॉरिकल आहे!"

ऑफिसला निघालेली माणसं थांबली. फोटो निघाले. एकीनं तर विचारलं, "गिफ्ट शॉप कुठे आहे?"

स्टेशनचा मॅनेजर धावत आला. "परमिशन घेतलीत का?"

"लिफ्टनं बंद पडताना कुणाची घेतली?"

लोक हसले. मी म्हटलं, "टूर संपत आली. आता एक वस्तू हातात देते. बघा आणि पुढे द्या." आणि निर्मलाच्या पिशवीतला डबा पहिल्या माणसाच्या हातात ठेवला. तो म्हणाला, "गरम आहे." पुढची म्हणाली, "हो, गरम आहे." फिरत फिरत डबा मॅनेजरकडे आला. शरदरावांनी त्याला वसंतरावांचं सगळं सांगितलं. तो निर्मलाला म्हणाला, "मॅडम, पुढच्याच गाडीनं कुणाबरोबर तरी पाठवतो. गरम असतानाच पोचेल."

निर्मला इंग्रजीत एरवी फक्त थँक्यू म्हणते. तिनं त्याच्या हातातून डबा काढून घेतला.

"नॉट डबा," ती म्हणाली. "टेक मी."

लोकांना वाटलं, टूर संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.